ओठांवरचा चुना

कढईत पीठ सोडताना तेलाचा थेंब उडून माझ्या मनगटावर पडला आणि मी ओरडले. झालं ते एवढंच. तेल रोज उडतं. होनियारात कुकुमच्या बस थांब्यापाशी छत्रीखाली बसून पिठाच्या गोड कड्या तळणाऱ्या बाईचं मनगट कुणी निरखून पाहिलं, तर त्याला तिथे डागांचं एक आभाळच दिसेल. एरवी मी पिजिनमध्ये, शहरात सगळे बोलतात त्या मिश्र भाषेत, एक शिवी हासडते, गिऱ्हाईक हसतं, मीही हसते आणि कडी उलटते. त्या दुपारी शिवी आली नाही. जे आलं ते पोटाच्याही खालून कुठून तरी आलं, लहान मुलीच्या आवाजात आलं, आणि आजीच्या माहेरच्या, तेवालेच्या भाषेत आलं. आजी गेली तेव्हा माझे दुधाचे दात पडून पुढचे नवे नुकते फुटले होते. तेव्हापासून त्या भाषेतलं एक अक्षरही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. समोर उभा असलेला बसचा कंडक्टर म्हणाला, "मावशी, शिवी नवीन दिसते. आम्हालाही शिकव की." मी म्हटलं, "शिवी नाही ती. कडी घे आणि चालायला लाग." तो गेला. शिवी नव्हती ते खरंच. भाजल्यावर मूल आईला हाक मारतं, तेवढंच होतं. शेजारी उलट्या क्रेटवर आई बसली होती. तिला घरी एकटी ठेवता येत नसे, म्हणून मी तिला रोज बरोबर आणायची. लोकांना वाटायचं ती सुपाऱ्या विकते, आणि तिने विकल्याही होत्या, कधी कधी एकच सुपारी दोघांना. माझी हाक ऐकून तिने मान वळवली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या मागे पाहिलं, थोडं वर, उभ्या माणसाचा चेहरा असतो तिथे, आणि ती हसली. मी वळून बघितलं. मागे होर्डिंगचा खांब होता आणि त्याच्या बुंध्याशी लोकांनी थुंकलेला सुपारीचा लाल रंग.

आईची आठवण तेव्हा ओहोटीसारखी मागे सरत होती, म्हणजे काठाजवळचं आधी उघडं पडत होतं. पहिल्यांदा आमची नावं गेली, मग हे होनियारा शहर गेलं, मग बाबा वारल्याचं गेलं. रोज सकाळी ती मला विचारायची की हे कुणाचं गाव, आणि मी सांगायची की कुणाचंच नाही, म्हणून तर सगळे इथे येऊन राहतात. पण हे ती विचारायची लामेकाच्या भाषेत, आमच्या घरच्या भाषेत. आमच्या बेटाला तीन उपसागर आहेत आणि तीन भाषा. माझा नवरा फिलिमोन मलाइता या मोठ्या बेटावरचा आहे. त्याच्या भाषेत भांडायलासुद्धा हजारो माणसं मिळतात, त्यामुळे त्याला याची फार गंमत वाटते. "तुमच्याकडे माणसं कमी आणि भाषा जास्त," तो म्हणतो. "उरलेल्या कोंबड्या बोलतात का?" कसं सांगू त्याला. तिन्ही एका आईच्या मुलींसारख्या आहेत. पुआनोची थोरली, चारचौघांत मिरवणारी, चर्चमधली, बाजारातली. लामेकाची मधली, माझ्या बाबांची, म्हणून आमची. आणि तेवालेची धाकटी, चुलीपाशी बसणारी, पाहुणे आले की गप्प होणारी. तिघींची ठेवण एकच, पण अंधारात कोण बोलतंय ते दिसत नसलं तरी ती कुठल्या उपसागराची ते मला लहानपणी कळायचं, जसं डोळे मिटूनही धुराच्या वासावरून लाकूड ओळखता येतं. लग्न होऊन दुसऱ्या उपसागरात गेलेली बाई नवऱ्याची भाषा नेसायची. माहेरची फक्त चुलीपाशी, आईशी किंवा मुलीशी. आजी आणि आई तेवालेच्या, बाबा लामेकाचे, विधवा झाल्यावर आजी आमच्याकडे येऊन राहिली, आणि आमच्या चुलीभोवती आम्ही तिघी तेवालेच्या भाषेत बोलायचो, नारळ खवताना, एकमेकींच्या उवा काढताना, बाबांना हसताना. बाबांना अर्धंमुर्धं कळायचं, आणि ते न कळल्यासारखं करायचे. तसा सभ्य माणूस पुन्हा बघायला मिळाला नाही, हे मी फिलिमोनला अधूनमधून ऐकवते.

मग आजी गेली आणि आमची तोंडं मिटवली. आमच्यात बाई गेली की तिच्या घरच्या बायकांच्या ओठांना चुना लावतात, सुपारीबरोबर खायचा तोच; आणि तिच्या माहेरच्या भाषेपुरतं त्यांचं तोंड मिटतं. बाकी काय हवं ते बोला. चुना वाळून पडून जातो, तोंड मिटलेलंच राहतं. पुढे बाईच्या माहेरचं कुणीतरी जेवण घेऊन येतं, आपल्या हातानं एक घास भरवतं, तेव्हा उघडतं. त्याआधी बोललं तर गेलेल्या बाईला वाटतं आपल्यालाच बोलावलं, आणि ती येते. आणि शरीर तर उरलेलं नसतं, तेव्हा बसणार कुठे, बोलणारीच्या तोंडात बसते. आजीच्या माहेरी एक भाऊच उरला होता. त्याने जेवणासाठी डुक्कर राखलं, होडीला नवं शीड बांधलं, आणि निघायच्या आत तोच गेला. तेवालेत त्याच्यामागे माड उरले. जी काही चार माणसं तिथून उठून आमच्याकडे आली होती, ती केव्हाच लामेकाची होऊन गेली होती, त्यांना त्या भाषेतलं गाणंसुद्धा येत नव्हतं. आई संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. "येईल कुणीतरी," म्हणायची. लामेकाच्या भाषेत म्हणायची. कुणी आलं नाही. मी मोठी झाले, जहाजातून ओकत ओकत या शहरात आले, फिलिमोनशी लग्न केलं, पिजिनमध्ये मुलं वाढवली, ती मुलंही आपापल्या वाटेला गेली, आणि एवढा सगळा वेळ ती भाषा माझ्या तोंडात होती. टाळ्याला चिकटलेलं काहीतरी, ना गिळलेलं, ना थुंकलेलं. आईच्याही होती. आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून अशा कितीतरी दुपारी काढल्या आहेत.

तेल उडालं त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. घर खांबांवर आहे, मागच्या टेकडीवर; पायऱ्या चढून आई दारापर्यंत आली आणि थांबली. मी आत जाऊन पिशव्या ठेवल्या. मागून आवाज आला. तेवालेच्या मुली संध्याकाळी घरी परतल्या की दारात थांबून विचारायच्या, आई, आत येऊ? आणि आतून उत्तर यायचं, ये, तुझंच आहे. उत्तर आल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही, कारण संध्याकाळी दाराशी येतं ते सगळंच आपलं असतं असं नाही. मीही लहानपणी रोज विचारलं आहे, केस समुद्राच्या पाण्यानं गळत असताना, एका पायावर उभी राहून. आता ते माझी आई विचारत होती, पांढरे केस, सुजलेले पाय, आणि आवाज त्या मुलीचा. ती आजी गेल्याचंच विसरली होती. म्हणजे तिच्या लेखी कुणाचं तोंड मिटलेलंच नव्हतं.  या एवढ्या शहरात तिचं बोलणं कळणारी मी एकटी, आणि उत्तर द्यायची बंदी असलेलीही मीच. "ये गं आई," मी लामेकाच्या भाषेत म्हटलं. तिने आत डोकावून पाहिलं, परक्या घरात शिरलेल्या बाईकडे पाहावं तसं, आणि ती तिथेच उंबऱ्याबाहेर बसली.

पुढे रोज तेच. सूर्य बंदरामागे उतरला की ती दारात थांबायची, विचारायची, आणि उत्तरासाठी बसून राहायची. एकदा फिलिमोनने मान फिरवून तिला उचलून आत आणलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि कोपऱ्यात तोंड लपवून अशी रडली की पुन्हा तसं करायची कुणाची छाती झाली नाही. डोळा लागल्यावर तिला आत घ्यायचो, तोवर ती दवाने भिजलेली असायची. खोकला लागला. दवाखान्यातली नर्स म्हणाली, छातीत उतरलंय, संध्याकाळचं बाहेर बसू देऊ नका, या वयात यातनं उठणार नाहीत. मी मान डोलावली. काय सांगणार तिला, की म्हातारी परवानगीची वाट बघतेय. फिलिमोन मात्र तिच्या सोबतीला बसू लागला. सासूचं तोंड बघायचं नाही ही त्याच्या लोकांची रीत, त्यामुळे तो पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसायचा, पायाशी डासांची अगरबत्ती पेटवून, आणि हवेशी बोलल्यासारखं बोलायचा. "आई, तुम्हाला सांगतो, या घरात मलाही आत घ्यायला हिने दोन वर्षं लावली होती." आई हसायची. त्याच्या विनोदाला नसेल, पण हसायची. मग तो आत येऊन मला म्हणायचा, "अगं, एक शब्द तर आहे. मला शिकव, मी म्हणतो. माझं तोंड माझ्या आईबापांनासुद्धा मिटवता आलं नाही."

"शिकवायचं तर बोलावं लागेल ना."

"मग कानात सांग."

"कानात सांगायलाही तोंडच लागतं, फिलिमोन. आणि तू आतून तिची आई म्हणून बोलणार? या घोगऱ्या आवाजात?"

"माझी आई माझ्याहून घोगरी होती," तो म्हणाला. "पण दार तरी लाव, डास येताहेत."

"ती बाहेर असताना कसं लावू?"

माझा धाकटा भाऊ जास्पर बंदरावर माल उतरवून घेतो आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतो. आजी गेली तेव्हा तो अंगावर पीत होता. चुलीपाशची ती भाषा त्याला कधी मिळालीच नाही. तो आला, आईच्या शेजारी बसला, तिचा हात हातात घेतला, तिने त्याला कुणी प्रेमळ परका समजून हात तसाच राहू दिला. आत येऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू बोलायचं नाहीस हं."

"मी काही बोलले का?"

"तुझा चेहरा बोलतोय."

"तूच सांगतोस ना, प्रभू आला आणि बेटावरची सगळी भुतं गेली?"

"गेली," जास्पर म्हणाला. "पण ती गेल्याचं आजीला कुणी कळवलंय का? त्या भाषेत सांगणार कोण?" स्वतःच्याच विनोदावर तो हसला नाही. जाताना आईच्या अंगावर त्याने आपलं जाकीट घातलं. ते तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं आणि ती आणखीच लहान दिसायला लागली.

मला भीती कशाची होती याचा मी पिठात हात घालून विचार करत बसायची. आजी येईल याची नाही. माझं खरं सांगायचं तर ती आली असती तर मी तिला बसायला दिलं असतं. तिच्या बोटांना खोबऱ्याचा आणि धुराचा वास यायचा, ती माझ्या मानेवर फुंकर घालायची. भीती वेगळीच होती. बेटावरच्या त्या घरात मी कायम विचारणारी होते. आत येऊ, हे मला यायचं. ये, तुझंच आहे, हे मला कधी म्हणावंच लागलं नव्हतं. ते मी फक्त ऐकलं होतं, एकाच आवाजात. माझी ती भाषा पुढचे दात फुटलेल्या मुलीची होती, ती तिथेच थांबली होती, तिला संसार माहीत नव्हता, मरण माहीत नव्हतं, तिच्यात मला कुणाला आसरा देता येत नव्हता. उत्तर द्यायचं तर मला आजीचंच वाक्य, आजीच्याच आवाजासकट, उचलून आणावं लागणार होतं. आणि एकदा तो आवाज तोंडात घेतल्यावर तो परत कुठे ठेवायचा? कड्या तळताना मला जिभेच्या मुळाशी कुणीतरी बूड टेकवून बसल्यासारखं वाटायचं. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दात दुखतोय का?" मी मान हलवली, होही नाही, नाहीही नाही.

मग टेकडीवरून पाऊस खाली आला. इथे तो येतो तेव्हा विचारत नाही. संध्याकाळ होती, आई दारात बसली होती, आणि तिचे दात वाजताना मला आत ऐकू येत होते. फिलिमोन तिच्याकडे पाठ करून हात मागे वळवून तिच्या डोक्यावर छत्री धरून बसला होता, स्वतः पूर्ण भिजत. मी कसावा किसत होते. तिने विचारलं. आवाज आता सुताएवढा राहिला होता. मी किसत राहिले. तिने पुन्हा विचारलं, आणि या वेळी शेवटी थोडी थांबली, जसं मूल थांबतं, जेव्हा त्याला पहिल्यांदाच शंका येते की आत कुणी नसेल. ते थांबणं मला सहन झालं नाही. किसणीवरचा हात थांबला आणि मी म्हणाले. काय म्हणाले ते त्या भाषेत मी इथे लिहीत नाही, ते तोंडाचं आहे, तोंडातच राहू दे. पण तो आवाज माझा नव्हता. खर्जातला, सुपारीने जाड झालेला, शेवटी जरासा रागावलेला, उशीर केल्याबद्दल. फिलिमोनने नंतर मला सांगितलं की त्याच्या हातावरचे केस उभे राहिले, घरात आणखी कोणी आहे असं त्याला वाटलं, आणि तरी त्याने वळून पाहिलं नाही, कारण सासू मध्ये होती.

आई उठली. तिला उठता येत नसे, पण ती उठली, ओलं जाकीट दाराबाहेर टाकलं, पाय पुसले आणि आत आली. सरळ चुलीपाशी, माझ्यासमोर येऊन बसली आणि खूप दिवसांनी घरी आलेली मुलगी हसते तशी हसली. दुपारचा उकडलेला कसावा ताटलीत होता, नारळाच्या दुधात. तिने बोटांनी त्यातला एक तुकडा मोडला आणि माझ्या ओठांशी आणला. "खा, आई," ती म्हणाली. मी तोंड उघडलं. तेवालेचं कुणीतरी जेवण घेऊन आलं होतं; होडीतून नाही, पायऱ्यांवरून, पावसातून. घास गार होता, पाण्याने बेचव झाला होता, तिच्या बोटांना खोबऱ्याचा वास येत होता. तो तिने मला भरवला की आजीला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. गिळला मीच.

त्यानंतर ती बाहेर बसली नाही. विचारायची, मी उत्तर द्यायची, ती यायची. खोकला मात्र राहिला, वाढत गेला, आणि ती चुलीपाशीच अंथरुणाला खिळली. पण बोलत होती. किती बोलत होती! तेवालेची भाषा माझ्या तोंडात आधी लंगडत चालली, मग धावायला लागली. जे शब्द मला मुलगी म्हणून माहीत नव्हते ते तिच्याकडून आई म्हणून मिळाले. तिने मला, म्हणजे तिच्या आईला, सगळ्या तक्रारी सांगितल्या. लामेकाच्या बायका कशा टोमणे मारतात, नवरा चांगला आहे पण मासे साफ करत नाही. एकदा, कधीचं विसरलेलं माझं नाव घेत, म्हणाली, "मला एक मुलगी आहे, डोरीन. सगळ्या जगाशी बोलते. बोलून बोलून लोकांचे कान किटवते. माझ्याशी बोलत नाही."

"का बोलत नाही?" मी विचारलं. फिलिमोन पाठ करून सुपारी कुटत होता. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याचा हात थांबला.

"तोंड मिटलंय तिचं," आई म्हणाली. "माझंही मिटलं होतं. तू गेलीस ना, तेव्हापासून." आणि तिने माझ्या गालाला हात लावला, मेलेल्या माणसाच्या गालाला लावावा तसा नाही, अगदी नेहमीसारखा. तिला ठाऊक होतं की मी गेलेली आहे. त्याने तिला काही फरक पडत नव्हता. "तू तिला हाक मारायला सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. माझ्या मनगटावरचा तेलाचा डाग मी दुसऱ्या हाताने झाकला.

ती गेली ती सकाळी, खोकल्याच्या दोन उबळींच्या मधल्या शांततेत. चर्चची माणसं आली, बायकांनी भात शिजवला, जास्परने शवपेटीवर खिळे मारले आणि त्याच दिवशी आम्ही तिला पुरलं. परत आल्यावर सगळे पायऱ्यांवर आणि दारात बसले. जास्पर उठला, खिशातून चुन्याची बाटली काढली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचे डोळे सुजले होते. "ताई, हे करायला हवं. ती तेवालेची होती."

"कर की. मी कुठे नाही म्हणते."

त्याने बोटाने माझ्या ओठांवर चुना लावला, हळुवार, गिटारच्या तारेला लावतो तसं बोट. चुना गार लागला, मग चुरचुरला. मला आजीच्या वेळचं आठवलं. तेव्हा आईने माझा हात धरला होता. आता उघडणारं कुणीच उरलं नव्हतं, ना होडीतून, ना पायऱ्यांवरून. ही भाषा आता माझ्याबरोबर मिटणार आणि माझ्याबरोबर पुरली जाणार, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. आणि या शहरात ज्याच्या त्याच्या ओठांना सुपारीचा चुना लागलेला असतो, तेव्हा बस थांब्यावर कुणाला कळणारही नव्हतं की माझ्या ओठावरचा वेगळा आहे. मला हसू आलं. मी हात लांबवला आणि फिलिमोनच्या पिशवीतून एक सुपारी घेतली, दातांनी फोडली, पानाची काडी तोडून तोंडात टाकली. मग ओठांवरून जीभ फिरवली. एकदा वरून, एकदा खालून. जीभ भाजली.

"अगं ताई!" जास्पर म्हणाला.

"काय झालं? चुन्याशिवाय सुपारी रंगते का?" मी चावत म्हटलं.

कुणीतरी बाई फिसकन हसली आणि तिने पदरासारखा टॉवेल तोंडावर धरला. फिलिमोन हसला नाही. त्याने पिशवी माझ्याकडे सरकवली, आणखी हवी तर घे, एवढंच. जास्पर बाटलीचं बूच लावत बसला, ते लागेना.

माणसं पांगली. सूर्य बंदरामागे गेला. मी चुलीपाशी बसले होते, तोंड लाल, गच्च भरलेलं. फिलिमोन नेहमीच्या सवयीने अगरबत्ती पेटवून पायरीवर बसला, दाराकडे पाठ करून. मागे एका माणसाची जागा त्याने नकळत सोडलेली. आणि त्या जागेतून आवाज आला. मुलीचा, समुद्रातून आल्यासारखा ओला, एका पायावर उभ्या असलेल्या मुलीचा. आई, आत येऊ? मी उत्तर देऊ लागले तर तोंडात सुपारी. उठून खिडकीतून थुंकावं लागलं. थुंकले, हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसले, आणि सांगितलं. या वेळी आवाज आजीचा नव्हता. माझाच होता, कड्या विकून विकून फाटलेला.

फिलिमोनने अगरबत्ती पायाशी ओढली. मग तसाच पाठमोरा म्हणाला, "दार लावू का? डास येताहेत."

"थांब जरा," मी म्हटलं आणि चुलीपाशी सरकून बसले. "पाय पुसतेय ती."